काकूंच्या वाट्याचं ऊन

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. बोलणं संपलं की त्या चष्मा काढून पदराने पुसतात. म्हणजे विषय संपला, आपण निघावं. सगळ्यांनी मिळून गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचं ठरलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे वाळवणं आता तुमच्या हॉलमध्ये घालायची." आणि चष्मा पुसला.

परवा पॅनेल धुवायची माझी पाळी होती. वर गेलो, तर दोन पॅनेलवर जुनं पातळ अंथरून काकूंनी कुरडया घातलेल्या.

"अहो काकू, हे काय?"

"माझ्या वाट्याची दोन आहेत ही. उरलेल्यांना हात लावलाय का मी?"

"वाटे नाहीत, काकू. सगळी सगळ्यांची. ही दोन झाकली, तरी सगळ्यांचीच वीज कमी होते."

त्यांनी एकदा सगळ्या पॅनेलांवरून नजर फिरवली. चष्म्याकडे हात गेला नाही. आम्ही दोघांनी पातळाची टोकं धरून कुरडया कठड्याजवळ नेऊन ठेवल्या.

आज संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू, हातात तळलेल्या कुरडयांचं ताट.

"एवढ्या कशाला, काकू?"

"परवा सकाळभर तुमच्या सगळ्यांच्या उन्हात वाळल्यात. घरोघरी द्यायला नकोत?"

मी काही बोलणार, तोच त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि चष्मा पुसला.