तिसरा पुकारा

अण्णांना कुजबुजता यायचं नाही. देवळात, दवाखान्यात, मयताच्या घरी, कुठंही ते एकाच पट्टीत बोलत आणि ती पट्टी होती सांगलीच्या मार्केट यार्डातली. हळदीच्या सौद्यात पुकारा करणं हा त्यांचा धंदा. सकाळभर राशींसमोर उभं राहून "एक वार, दोन वार, तीन वार" करायचं आणि तिसऱ्या वाराला सौदा पक्का करून पुढच्या राशीकडे वळायचं. दुपारी घरी येताना गल्लीच्या तोंडापासूनच बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हाक घालत, "च्या टाक गं, पन हळू! शेजारची पोरगी अभ्यास करती!" त्या हाकेनं माझा अभ्यास थांबायचा. शेजारची पोरगी म्हणजे मी.

मला जन्मापासून दिसत नाही. घर उंब्रजला, ऊसवाल्यांचं. अंधशाळेतून शिकून बाहेर पडले आणि बी.ए. करायला सांगलीला मावशीकडे येऊन राहिले. नव्वदीची सुरुवात होती. अर्थशास्त्राचं ब्रेलमधलं पुस्तक मागितलं तर कॉलेजच्या ग्रंथपालांनी मला पाणी प्यायला दिलं, इतका त्यांना धक्का बसला. मग मावशी वाचून दाखवायची. ती दिवसभर राबून दमलेली, दुसऱ्या पानावर तिचा आवाज घरंगळायला लागे. एका दुपारी ओसरीवर तिचं हे असं वाचन चाललेलं असताना भिंतीपलीकडून अण्णा गरजले, "ताई, असा माल पुकारला तर कुत्रं बी बोली लावायचं न्हाई! द्या हिकडं ते बुक."

त्या दिवसापासून अण्णा माझं पुस्तक झाले. काय वाचायचे महाराजा! आधी नाकानं एक लांब श्वास घेत आणि मग 'मागणीचा नियम' असा काही उच्चारत, की कोपऱ्यावरचा पानपट्टीवालाही मान वर करत असावा. महत्त्वाचं वाक्य आलं की, "एक वार!" म्हणून ते वाक्य. "दोन वार!" म्हणून पुन्हा तेच. आणि गप्प. तिसऱ्यांदा ते मी म्हणायचं. "दोन माझे, तिसरा तुझा," हा त्यांचा नियम. मला म्हणता आलं नाही तर, "सौदा न्हाई झाला, माल परत!" आणि धडा पहिल्यापासून. मामांनी टेपरेकॉर्डर आणून दिला होता, पण त्यात वाचायला अण्णा कधीच तयार झाले नाहीत. "यंत्राला तिसरा म्हनता येतो व्हय?" एवढंच विचारायचे. म्हणून आज त्यांच्या आवाजाची एकही कॅसेट माझ्याजवळ नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

त्या वाचनात एक धोका होता. अण्णा वाचता वाचता पुस्तकात स्वतःचं घालत, आणि त्याच आवाजात घालत. चाचणी परीक्षेत मी ठणकावून सांगितलं, की रास भिजली की मागणी पहिल्यांदा कर्नाटकात पळते. सरांनी पेपर वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, "हे कुठल्या लेखकाचं मत?" मी म्हटलं, "अण्णांचं." वर्ग हसून हसून लोळला, सरही हसले आणि हसत हसतच त्यांनी गुण कापले. हे मी अण्णांना सांगितलं. त्यानंतर स्वतःचं काही सांगायचं असलं की आधी बजावायचे, "हे माझं हाय, बुकातलं न्हवं." इतकी सवय लागली, की काकूंनी आमटी कशी झालीय विचारलं तरी म्हणत, "हे माझं हाय, बुकातलं न्हवं. मीठ लय झालंय."

पहिल्या वर्षी अर्थशास्त्राचा पेपर राहिला. मला येत नव्हतं म्हणून नव्हे. मी सांगायचं आणि लेखनिकानं लिहायचं, यात वेळ दुप्पट लागतो. लेखनिक बिचारा घामाघूम झाला आणि घंटा झाली तेव्हा शेवटचे दोन प्रश्न कोरेच राहिले होते. आम्हाला अर्धा तास जादा मिळू शकतो, हे कॉलेजात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला तरी कुठं ठाऊक होतं! उंब्रजहून वडील आले. रागावले नाहीत, पण म्हणाले, "आणखी एकदा बसून बघ. न्हाई जमलं तर घरी ये. उगं जिवाला तरास कशाला?" त्यांच्या त्या मायेचीच मला भीती वाटली. घरी गेले असते तर सगळ्यांनी मला तळहातावर झेललं असतं आणि मी जन्मभर ओसरीवर बसून राहिले असते.

जाद्या वेळाचं मी अंधशाळेतल्या बाईंकडून समजून घेतलं आणि अण्णांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते यार्डातून तसेच, अंगभर पिवळी धूळ घेऊन, मला बरोबर घेऊन प्राचार्यांपुढं उभे राहिले. "सायेब, पोरीला माप कमी भरलंय," म्हणाले, "बाकीच्यांचं पोतं भरून देता आन् हिचं गळतं पोतं. भरून द्या." प्राचार्य भला माणूस. आधी त्यांनी अण्णांना हळू बोलायला सांगितलं, ते अशक्य आहे हे कळल्यावर दार लावून घेतलं आणि विद्यापीठाला विचारतो म्हणाले. खरोखरच विचारलं. अर्धा तास मंजूर झाला! त्या संध्याकाळी काकूंनी शिरा केला होता.

आणि पेपरच्या दिवशी सकाळी निरोप आला, की लेखनिक म्हणून ठरलेल्या अकरावीच्या मुलीला कांजिण्या आल्यात. मावशी रडायलाच लागली. लेखनिक माझ्यापेक्षा कमी शिकलेला हवा असा नियम, ऐन वेळी तसा माणूस आणायचा कुठून? तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "मी सातवी हाय!" यार्डात सगळे त्यांना 'सातवीवाला' म्हणून चिडवत. आज तीच सातवी हुकमाचं पान झाली होती. अण्णांनी धुतलेला सदरा चढवला, ट्रंकेतून दाखला काढला आणि आम्ही रिक्षानं सुटलो.

प्राचार्यांनी दाखला पाहिला आणि परवानगी दिली. आम्हाला जिमखान्याच्या खोलीत, कॅरम बोर्डांच्या ढिगाशेजारी बसवलं. देखरेखीला एक मॅडम होत्या. त्यांनी बजावलं, "आजोबा, ती सांगेल तेवढंच लिहायचं. एक शब्द बोलायचा नाही." मी हळूच सांगितलं, "अण्णा, 'हाय' लिहू नका हं, 'आहे' लिहा." "बोलताना हाय, लिवताना आहे, एवढं मला कळतंय," अण्णा म्हणाले, तेही दोन वर्गांपलीकडे ऐकू जाईल असं. मॅडमनी टेबलावर पट्टी आपटली. त्यानंतर अण्णांच्या तोंडून शब्द नाही. नुसता पेनाचा आवाज.

दुसऱ्या प्रश्नात मी अडकले. एखादी गोष्ट जास्त जास्त मिळत गेली की तिची गोडी कमी कमी होते, हा नियम मी भराभर सांगितला. त्याचे तीन अपवाद विचारले होते. कंजुषाचा पैसा सांगितला, तिकिटं जमवणाऱ्याचा छंद सांगितला, आणि तिसरा आठवेना. अण्णांनी तो ओसरीवर कितीदा गाजवला होता! पेन थांबलं. आणि मला ऐकू आला तो नाकानं घेतलेला लांब श्वास. पुकाऱ्याआधीचा. आता हा माणूस बोलणार, मॅडम पेपर काढून घेणार, आणि मी उंब्रजच्या ओसरीवर. खुर्ची करकरली. श्वास तसाच आत राहिला, मग हळूहळू बाहेर आला. त्यात शब्द नव्हता.

ती जागा सोडून मी पुढं गेले, पण डोकं बधिर झालं होतं. शब्द चाचपडत, थांबत थांबत सांगत राहिले. घंटा झाली. बाहेर बाकीची मुलं गलका करत निघाली. आमचा अर्धा तास सुरू झाला. ती शांतता मी कधी विसरणार नाही. सगळे गेलेत आणि माझा वेळ अजून शिल्लक आहे! उरलेले प्रश्न धडाधड सुटत गेले. शेवटचं वाक्य संपवलं आणि एकदम लख्ख आठवलं. मी खुर्चीतून उठून ओरडले, "दारू!"

मॅडम दचकल्या. अण्णा मात्र, जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं, अगदी हळू म्हणाले, "लिवलं."

बाहेर आल्यावर त्यांनी जिमखान्याच्या पायरीवर बसकण मारली. "पोरी," ते गरजले, "आयुष्यात थेंबाला शिवलो न्हाई, पन आज दारू अशी घशात अडकली हुती, गिळता येईना का थुकता येईना!" येणारी जाणारी मुलं बघत उभी राहिली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. निकाल लागला तेव्हा अण्णांनी यार्डात हळदीच्या दोन राशींच्या मध्ये माझ्या पास होण्याचा पुकारा केला म्हणे.

बी.ए. झाल्यावर साताऱ्याला बँकेत टेलिफोनवर नोकरी लागली. वडील आधीच साताऱ्यात खोली बघायला गेले होते, स्टँडवर सोडायला अण्णा आले. मला खिडकीशी बसवलं, पिशवी मांडीवर दिली. इंजिन सुरू झालं तसा खालून तो श्वास ऐकू आला. "पोरगी निघाली साताऱ्याला! एक वार! पोरगी निघाली साताऱ्याला! दोन वार!" आणि गप्प. तिसरा माझा होता. मी तोंड उघडलं, मिटलं आणि खिडकीचा गज घट्ट धरला. गाडी हलली. मागून अण्णांचा आवाज आला, "तिसरा न्हाई म्हनलीस न्हवं? मग सौदा पक्का न्हाई झाला! हे माझं हाय, बुकातलं न्हवं. परत यायाचं!"

जात राहिले, दर दिवाळीला. अण्णा गेले ते मात्र मी साताऱ्यात असताना. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकू म्हणाल्या, "त्यांच्या खुर्चीत बस जरा." बसले. भिंतीपलीकडं मावशीकडे कुणाचं तरी पोर पाढे म्हणत होतं. काकूंनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि विचारलं, "म्हनायचं हाय का तुला काय?"

मला कळलं, काकू स्टँडवर राहिलेल्या तिसऱ्याचं विचारतायत. मी नाही म्हटलं. तिसरा पुकारा मी अजून केलेला नाही.