पडवीतलं मशीन

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी संचिता पालव घराच्या पडवीत मशीनवर बसून उशीचा अभ्रा शिवत होती. अभ्रा खरं तर शिवून झाला होता. त्याच शिवणीवरून ती पुन्हा पुन्हा मशीन फिरवत होती, कारण पाहुण्यांची रिक्षा वळणावर दिसली होती आणि भाईंनी बजावलं होतं, "हातातलां काम थांबवू नको. आणि उठू तर नकोच."

मशीनची जागा ही नव्हे. कसालच्या बाजारात संचिताचं टेलरिंगचं दुकान आहे; तिथून ते सकाळीच रिक्षात घालून आणलं होतं. युक्ती भाईंची, म्हणजे तिच्या वडिलांच्या मावसभावाची. गावातली बरीच लग्नं त्यांनीच जुळवलेली.

संचिता दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला, त्याला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लागतो. मशीनला मोटर आहे, पॅडल उजव्या पायाखाली. आता ती तेहतीस वर्षांची आहे. आधीच्या बघण्याच्या कार्यक्रमांत चहाचा ट्रे घेऊन ती माजघरातून बाहेर यायची आणि ट्रे खाली ठेवण्याआधीच निकाल लागलेला असायचा. तरी कुणीतरी म्हणायचंच, "वायच चलान दाखव गो." या वेळी चहा आई देणार होती. कामात असलेल्या मुलीला कोण उठवतो?

पिंगुळीहून गुरुदास आणि त्याची आई आली. गुरुदास कुडाळला पंप दुरुस्त करतो, बोलतो कमी. बोलणं त्याच्या आईने आणि भाईंनीच केलं. शिवण हातात घेऊन गुरुदासची आई म्हणाली, "हात बसलेलो आसा हां. आमच्या घराक असांच चेडू व्हया. पायाचां काय तां?"

"वायच लचकता," भाई म्हणाले. "तेलान बरो होतलो."

वडील, बाबली पालव, खाली बघत सुपारी कातरत राहिले.

"मगे उशीर कित्याक?" गुरुदासच्या आईने पिशवीतून ओटीचा नारळ, तांदूळ आणि खण काढला. "पाट मांडा. वटी भरून जातंय."

पसंती इतक्या लवकर येईल, हे भाईंच्या हिशेबात नव्हतं. पाट आत, देवासमोर मांडायचा; तिथवर मुलीने चालत जायचं. भाई घाईने म्हणाले, "हयच भरा. शिवण अर्धी रवात."

"मशीनार वटी? खंय बघितलास असां?"

संचिताने मोटरचं बटण बंद केलं. ती वाकली, पाय सरळ केला आणि कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी खाली सरकवली. खट् असा आवाज झाला. मग ती उठली आणि डावा पाय कमरेतून फेकत, पडवीतून माजघराच्या दारापर्यंत चालत गेली. उंबऱ्याशी थांबून वळली.

"ह्यो असो आसा," ती म्हणाली. "तेलान बरो होवचो नाय."



"पाय रवांदे," गुरुदासची आई म्हणाली. "आधी सांगल्यात असतां तर मी इचार केलो असतो. फसवूक नको होतां." तिने नारळ उचलला.

"आये," गुरुदास म्हणाला, "भायर काढलेलो नारळ पिशयेत घालनत नाय."

"वटयेत पडल्यार घालनत नाय. अजून पडाक नाय." तिने नारळ पिशवीत टाकला. "कळवतंव."

गुरुदासने जाता जाता संचिताकडे पाहिलं, मान डोलावली आणि रिक्षात बसला.

रिक्षा दिसेनाशी झाल्यावर भाई कडाडले, "घडीभर गप बसाक काय झाल्लां? हातातलां लगीन घालवलंस!"

 संचिताने अडकित्ता हातात धरून बसलेल्या वडिलांना विचारलं, "बाबा, लगीन झाल्यार ह्यां मशीन खंय खंय उचलून नेतलास?"

 बाबलींनी उठून रिक्षावाल्याला फोन लावला.

मशीन परत न्यायला रिक्षा सोमवारी सकाळी आठ वाजता येणार आहे. दुकान साडेनऊला उघडतं. अकरा वाजता कणकवलीची आकांक्षा तिच्या लग्नाचा ब्लाउज न्यायला येईल. त्याचे हूक लावायचे राहिले आहेत.