वारा थांबला तेव्हा मी ‘जा’ म्हणालो

ओरिसाच्या किनाऱ्यावर पोस्टिंग झालं, तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. मारेगावचा माणूस, माझं पाणी विहिरीतलं. बासष्टच्या युद्धानंतरच्या भरतीत लष्कराच्या सिग्नल्समध्ये गेलो आणि नाईक झालो. हाताखाली सिग्नलमन लखू राठोड, पुसदकडच्या तांड्यावरचा. कोळ्यांच्या गावातल्या पक्क्या शाळेत आम्ही दोघं आणि एक वायरलेस सेट.

कॅप्टनसाहेबांनी आमचा वर्ग घेतला होता. समुद्र तापतो, वाफ वर चढते, खाली दाब कमी होतो. भोवतालची हवा तिकडे धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यानं गोल फिरू लागते. वाऱ्याच्या वेगावरून दर्जा: आधी डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन, चौतीस नॉट्सला सायक्लोनिक स्टॉर्म, अठ्ठेचाळीसला सिव्हिअर. मधोमध डोळा, तिथे वारा नसतो. मला सगळं पोपटासारखं पाठ होतं. कपाळ माझं!

त्या दिवशी सकाळी सहालाच संदेश आला: सिव्हिअर, रोख तुमच्याकडे. नऊपर्यंत आम्ही गाव शाळेत आणलं. म्हशी मात्र बाहेर खुंट्यालाच राहिल्या. अकरा वाजता उत्तरेचा वारा असा सुटला की शेजारचं छप्पर उडताना दिसलं, पण आवाज आला नाही. बायका पोरांना पोटाशी धरून भिंतीला टेकल्या होत्या. मीही घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू?

१३२० वाजता, म्हणजे दुपारी एक वीसला, वारा एकदम पडला. ऊन आलं.

आमच्याकडे वावधन, म्हणजे वादळी वारा, असंच येतं आणि जातं. गेलं की माणूस आधी गोठ्याकडे पळतो. लखूच्या घरात तर पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर माल वाहिलेला. दावणीला बांधलेलं जनावर मेलं, तर त्यांच्यात धन्याला पाप लागतं.

“नाईकसाब, म्हशी सोडून येतो. दाव्यानंच मरतीन त्या.”

“जा. लवकर ये.”

तो चाकू घेऊन पळाला. मी सेटवर बसलो.

“वारा थांबला. ओव्हर.”

“बाहेर कोणी जायचं नाही. तो डोळा आहे. उलट्या बाजूनं येईल. ओव्हर.”

दारात येऊन मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “लखूऽऽ! वापस ये! सोड ते!”

“दोनच राह्यल्या!” तो हसत होता.

१३४० वाजता दक्षिणेकडून वारा आला, समुद्राला सोबत घेऊन. मी बाहेर धावलो, तर चार कोळ्यांनी मला मागे ओढून दार लावलं. शाळा टिकली. आतलं एकही माणूस गेलं नाही. लखू दुसऱ्या दिवशी दोन मैलांवर सापडला.

पुढे मी हवालदार झालो, वर्ग घेऊ लागलो. वाफ आणि नॉट्स नंतर. आधी डोळा शिकवायचो, आणि सिग्नलमन लखू राठोडचं नाव घ्यायचो.

पण त्याआधी, सुट्टी मिळताच, मी तांड्यावर गेलो होतो. त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

“वारा थांबला होता म्हंतोस, मंग पोरगा मेला काहून?”

मी डोळा समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“त्याले हे ठाव नोतं. तुले ठाव होतं?”

“होतं, याडी.”

“मंग जा कोनं म्हनलं त्याले?”

“मीच म्हनलं.”

ती उठून चुलीकडे गेली आणि माझ्यासाठी भाकरी थापायला बसली. तिनं मला हाकलून दिलं असतं, तर बरं झालं असतं.