चव्वेचाळीस उभ्या खाचा

मी तिरसट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडलं त्यात निम्मा वाटा त्या स्वभावाचा होता.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, गुरांचं खाद्य बनवणाऱ्या एका कारखान्यात मी वायरमन होतो, ठेकेदाराच्या हजेरीवर. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. सरकीची पेंड, मक्याचा भरडा, कोंडा आणि उसाची मळी एकत्र करून त्याची गोळी पेंड पाडायची, हे तिथलं काम. अंगाला मळीचा वास इतका चिकटायचा की बायको म्हणायची, तुम्ही गोठ्यातच झोपत जा. बावीस मोटारी एकमेकींच्या भरवशावर चालायच्या. पुढची बंद पडली की मागचीनं थांबायलाच हवं. नाही थांबली तर माल तुंबायचा, आणि तुंबलेली पेंड फावड्यानं उपसण्यात अख्खी पाळी जायची.

मला हे काम शिकवलं ते मामांनी. मामा माझे नात्यातले कुणी नव्हेत. कारखान्यातले सगळ्यांत जुने इलेक्ट्रिशियन, म्हणून सगळ्यांचेच मामा. सोयगावकडच्या मेंढपाळाच्या घरातले. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण मोटारीच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की फेज गेलाय ते सांगायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पॅनलचं दार उघडून दाखवलं. आतल्या एकूण एक स्क्रूच्या डोक्यावरची खाच सरळ उभी होती.

"स्क्रू आवळला की खाच उभी ठिवायची," ते म्हणाले. "थरथरीनं ढिला झाला तं खाच तिरपी व्हती. मंग दारातनं नजर टाकली तरी कळतंय कोण हाललंय ते. वाकडी खाच मला दिसली नाय पायजे."

मी ते इतकं मनावर घेतलं की घरातल्या दिव्याच्या बटणांचे स्क्रूसुद्धा उभे करून ठेवले. सहा वर्षं आम्ही एकाच डब्यातली चटणी खाल्ली.

मग ते वर्ष आलं. त्या जानेवारीत विद्यापीठाला नवं नाव मिळालं. नामांतराची पहिली घोषणा झाली तेव्हा मी शाळेत होतो. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावात आमची वस्ती तेव्हा जळाली. वडील आम्हाला घेऊन शहरात आले, मिळेल ती मजुरी केली, आणि मोर्चा असो, धरणं असो की तुरुंग असो, कुठेही मागं राहिले नाहीत. त्या जानेवारीत ते विद्यापीठाच्या कमानीसमोर उभे राहून वर बघत राहिले. मान अवघडली, तरी खाली बघेनात. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये, भाकरीचा तुकडा मोडता मोडता मामा म्हणाले, "नाव बदलून काय व्हतंय रे? कमान तीच, भिंती बी त्याच."

त्यांच्या बोलण्यात विष नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी माझ्या कानांत फक्त जळणाऱ्या कुडांचा आवाज होता. मी डबा तसाच टाकून उठलो. त्या दिवसापासून मामांशी माझं बोलणं कामापुरतं, तेही हो किंवा नाही एवढंच.

उन्हाळ्यात कारखान्यात नवी पेटारी आली. मोटार चालू-बंद करणारा जो स्टार्टर असतो, त्याच्या कुशीला बसवायच्या लहानशा डब्या तिच्यात होत्या. नाव नेटवर्क अ‍ॅडॉप्टर. या डबीतून त्या डबीत अशी एकच केबल बावीसही स्टार्टरमधून ओवायची आणि तिचं टोक कंट्रोल रूममधल्या संगणकाला जोडायचं. मग कोणती मोटार चालू, कोणती बंद, कोणती तापली, ते पडद्यावर दिसणार आणि तिथूनच त्या चालवता येणार. कोण कुठे थांबलं ते बघायला जिन्यावरून पळापळ नको.

विकणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला, दोन डब्या बसवून दाखवल्या, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं आणि गेला. साहेबांनी मला बोलावलं. साहेब पुण्याकडचे, मोजकं बोलणारे.

"उरलेल्या तू बसव," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत हे नीट चाललं, तर पॅनल रूम तुझ्याकडे. कायम नोकरी. नाही चाललं, तर सगळं काढून परत जुनी बटणं लावू, आणि तू ठेकेदाराकडे आहेसच."

सहा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो, ते 'कायम नोकरी' या दोन शब्दांत होतं. मी शब्दकोश घेऊन बसलो. एकेक पान चार-चारदा वाचलं. त्यातलं मुख्य हे होतं: प्रत्येक डबीला तिचा स्वतःचा नंबर द्यायचा. डबीवर शर्टाच्या बटणापेक्षा लहान दोन चकत्या, एक दशकाची, एक एककाची. चकतीवरच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालून ती फिरवायची, खाचेचं टोकदार तोंड ज्या आकड्याकडे, तो तिचा आकडा. दोन डब्यांना एकच नंबर पडला तर संगणकाला कोण बोलतंय ते कळत नाही, आणि दोघींवर लाल दिवा लागतो. आणखी एक, डबी आपला नंबर फक्त वीज नव्यानं आली की वाचते. चालू असताना चकती फिरवली तरी ती जुन्याच नंबरावर चालत राहते.

मी नंबर लावले ते माल ज्या वाटेनं जातो त्या क्रमानं, पॅनलमधल्या ओळीनं नव्हे. आणि ते कुठेही लिहिले नाहीत; पडद्यावरही मोटारींची नुसती नावं दिसायची. लिहायला दोन मिनिटं लागली असती. पण मला वाटलं, राहू देत माझ्या डोक्यात. आयुष्यभर लोकांनी आमच्यापासून झाकून ठेवलं, आता एक गोष्ट मी झाकून ठेवतो. मामा दाराशी उभे राहून बघायचे. त्या चकत्या कशाच्या, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आषाढापासून भादवा संपेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. साहेब येता-जाता पडद्याकडे बघून मान डोलवायचे.

दसऱ्याला आमच्या घरचे नागपूरला जातात. धम्मदीक्षेचा तो दिवस वडील कधी चुकवत नाहीत, आणि त्या वर्षी तर चुकवणं शक्यच नव्हतं. मी रजा घेतली. इकडे कारखान्यात खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, यंत्रांची पूजा असते. वीज बंद करून सगळं झाडूनपुसून घ्यायचं, यंत्रांना झेंडूच्या माळा, दारांवर हळदीकुंकवाची बोटं, नारळ, पेढे. दसऱ्याला सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी वीज चालू करायची.

त्या तिसऱ्या दिवशी मी गाडीतून उतरलो तो थेट कामावर गेलो. फाटकाबाहेर मालाचे ट्रक रांगेत उभे होते. आत एकही मोटार चालू नव्हती. पॅनल रूममध्ये बावीसच्या बावीस डब्यांवर लाल दिवे.

"आला बघा," गर्दीतून कुणी तरी म्हणालं. "रजा बी घेतली आन मशिनी बी बंद पाडून गेला."

साहेबांनी एवढंच सांगितलं, "पुण्याहून माणूस निघालाय. संध्याकाळपर्यंत पोचेल. तोवर काय करायचं ते कर. त्याला जमलं नाही तर उद्या बटणं लावायला घेऊ."

मी मनाशी ठरवलं, तो माणूस फाटकात यायच्या आत गिरणी फिरलेली असेल. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि केबलच्या एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक जोड ओढून बघितला. दोन्ही टोकांना बसवलेले रेझिस्टर मोजले. डब्यांना वीज मिळते का ते मोजलं. सगळं ठीक. पुस्तक काढलं, पुन्हा वाचलं. पुन्हा पहिल्या टोकापासून निघालो. दुपार झाली. डोळ्यांत दोन रात्रींच्या प्रवासाची झोप होती आणि पोटात राग. एक गोष्ट मी बघितली नव्हती. चकत्या मी स्वतः लावल्या होत्या, त्या कशाला बघायच्या?

पाणी प्यायला मी दारापर्यंत गेलो आणि वळून आत नजर टाकली. पॅनलची सगळी दारं उघडी होती. प्रत्येक दाराला कुंकवाचं बोट होतं. आणि आतली एकूण एक खाच उभी होती. स्क्रूंची, आणि चकत्यांचीही. चव्वेचाळीस चकत्या, चव्वेचाळीस खाचा, एका सुतात.

खाच उभी, तोंड वर, म्हणजे शून्य. बावीस डब्यांना एकच नंबर होता, शून्य-शून्य.

हे हात कुणाचे, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बाहेर जाऊन ओरडलो, "मामा!" कित्येक महिन्यांत त्यांना मी हाक मारली नव्हती. ते आले.

"हे तुम्ही केलंत?"

"व्हय," ते म्हणाले. "लई वाकडेतिकडे व्हते. एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं. म्हटलं, सणाचा दिवस हाय, तू नायस, तुझं काम तेवढं नीटनेटकं करून ठिवावं."

"ते स्क्रू नाहीत, मामा! ते नंबर आहेत! माझी नोकरी आहे ती!" माझा आवाज चिरकला. आणखीही बोललो. जानेवारीपासून साठलेलं सगळं बोललो, कँटीनमधलं, कमानीचं, आमच्या जळालेल्या वस्तीचं. त्या वस्तीबद्दल मी त्यांना कधी काहीच सांगितलं नव्हतं. ते भिंतीला टेकून ऐकत राहिले.

मी थांबल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "मला काय ठावं, पोरा? तू सांगितलंस का कधी?"

हे नंबरांबद्दल होतं की वस्तीबद्दल, ते कळलं नाही. दोन्हीला उत्तर एकच होतं.

मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "विजेरी धरा," म्हटलं. त्यांनी धरली. डोळे मिटून मी मालाची वाट आठवायची आणि एकेक नंबर लावायचा. धान्य ओतायची जागा, तिथला पट्टा, वर नेणारी पहिली बकेटची माळ, चाळण, गिरणी. मामा दर नंबराला खडूनं दारावर आकडा लिहीत गेले, मी न सांगता. एकविसाव्या डबीपर्यंत आलो आणि अडलो. दोनच डब्या उरल्या होत्या, आणि मळीच्या पंपाला एकवीस की बावीस ते आठवेना. मालाच्या वाटेत तो मधेच कुठून तरी येऊन मिळतो, आणि मधले सगळे आकडे तर लागलेले. चुकीचा लावला तर पडद्यावरून भलतीच मोटार फिरणार.

"मळीचा पंप ना?" मामा म्हणाले. "तो तू सगळ्यात शेवटी जोडला. पंपाची मोटार जळाली, भरायला गेली व्हती, दहा दिवसांनी आली. शनवार व्हता. मी हितंच उभा व्हतो, तू माझ्याकडं बघितलं बी नाय."

म्हणजे बावीस. मी लावला, आणि उरलेल्या डबीला एकवीस. मुख्य स्विच खाली ओढला, दहापर्यंत मोजलं, वर केला. लाल दिवे एकदम गेले. मग एकेक करत हिरवे लागले, आणि मळीच्या पंपाचा सगळ्यात शेवटी. मी खाली फरशीवर बसलो आणि रडलो. लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं, आणि वाटलीही नाही.

कंट्रोल रूममधून कुणी तरी गिरणी चालू केली, आणि तिचा आवाज ऐकून साहेब धावत आले. मागं सगळे होतेच. "काय झालं होतं?"

"नंबर बदलले गेले होते," मी म्हणालो. "मी ते कुठे लिहून ठेवले नव्हते. चूक माझी."

"फिरवले मी," मामा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्याला बोलू नका. तो असता तं झालंच नसतं."

साहेबांनी दारांवरचे खडूचे आकडे बघितले, आम्हा दोघांकडे बघितलं. पुण्याच्या माणसाला चहा पाजून परत पाठवा, असं कुणाला तरी सांगितलं. मग मला म्हणाले, "हे आकडे रंगानं लिहून घे. आणि या खोलीच्या दारावर तुझं नाव टाक. बाहेरच्याला कळू दे, कुणाला विचारायचं ते. दिवाळीची वाट बघत बसू नकोस."

रंगवायचं काम मामांनी कुणाला करू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते तांबड्या रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन आले. लहानपणी मेंढ्यांच्या पाठीवर खुणा करताना बसलेला हात होता तो, एकदाही थरथरला नाही. बावीस आकडे झाले. मग ते खोलीच्या दारापाशी आले आणि कुंचला बुडवून माझ्याकडे वळले.

"सांग."

मी माझं नाव सांगितलं. ते तसेच उभे.

"येवढंच नाय. बापाचं नाव सांग, आडनाव सांग. समदं."

सहा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो, आणि माझ्या वडिलांचं नाव त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढलं, मधे दोनदा मागं सरकून बघितलं, सरळ आलंय ना म्हणून. रंग वाळायच्या आत त्यांनी कुंचला पुसला.

"तुझ्या बापाला घिऊन ये एकदा," ते म्हणाले. "बघू दे त्यांला."

पुढच्या रविवारी मी वडिलांना घेऊन गेलो. पॅनल रूमच्या दारासमोर ते उभे राहिले. मामा आतून बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. दोघंही मान वर करून दारावरचं ते नाव बघत होते.