जावयाचे टणक बूट आणि बर्फावरची फळी

विमान स्टुटगार्टला उतरलं तेव्हा खाली सगळं पांढरं होतं. माझ्या सामानात बायकोने लेकीसाठी दिलेली कुंकवाची डबी होती आणि माझे दोन जुने पाने. याच पान्यांनी मी इचलकरंजीत चाळीस वर्षं माग दुरुस्त केले. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्यापुढे एकही माग बंद राहिला नाही. हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

लेक शैला इथे नोकरीला आली आणि थॉमसशी इथल्याच कचेरीत लग्न करून मोकळी झाली. मी आलो नाही. जावयाचे पाय धुवायची वेळ मी येऊच दिली नाही. आता सहा वर्षांनी आलो, तेही बायकोने बोलणं टाकलं म्हणून.

थॉमस सव्वासहा फूट, पाय होडीएवढे, आणि एका पायाने किंचित लंगडत होता. रात्री मसुराची आमटी आणि श्पेत्झले (जाड शेवयांसारखे पिठाचे तुकडे) होते. अळणी. मी मिरची मागायच्या आत त्याने तिखट सॉसची बाटली पुढे सरकवली.

जेवण झाल्यावर त्याने भिंतीला टेकवलेली फळी दाखवली. स्नोबोर्ड म्हणतात तिला; दोन्ही पाय तिच्यावर अडकवून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं. त्याची फळी डोंगरावरच्या मोकळ्या, न दाबलेल्या बर्फासाठीची, म्हणून रुंद. गेल्या हिवाळ्यात मऊ बुटात घोटा पिरगळून आतला बंध तुटला होता. म्हणून आता त्याने टणक प्लॅस्टिकचे बूट आणि ते धरायला पोलादी कड्यांच्या दोन पट्ट्या आणल्या होत्या. डॉक्टरची परवानगी होती, शैलाची नव्हती.

"शनिवारी एकदा बघायचं," ती म्हणाली. "पडला तर फळी विकायची. मला परत हॉस्पिटलच्या बाकावर बसायचं नाहीये."

"गेनाऊ," (बरोबर) थॉमस म्हणाला आणि फळीवरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी शैलाबरोबर फळी घेऊन चढाच्या रस्त्याने दुकानात गेलो. तिथली बाई फळी बघूनच म्हणाली, "गेट निष्ट." (जमत नाही.) असे बूट अरुंद फळीला लावतात म्हणे.

"तिला विचार, पट्ट्यांची आणि फळीची भोकं जुळतात का?"

"जुळतात म्हणतेय. पण बाबा, ती रोज हेच काम करते."

"आणि मी काय चाळीस वर्षं गोट्या खेळत होतो?"

घरी येऊन बसलो. काडीने भोकांची खोली मापली, कारण पेच लांब पडला तर फळीचा तळ फुगतो. कड्या बुटाच्या मापाला आणल्या. पट्ट्या मऊ बुटांच्याच कोनात ठेवल्या, म्हणजे पाय जवळजवळ आडवे. बुटांची टोकं फळीच्या कडेबाहेर येत होती; वळताना ती खाली टेकतील का, ते बघायचं होतं. कारखान्यात बेअरिंग कुठे घासतं ते बघायला आम्ही तेलात शेंदूर कालवून लावायचो. इथे कुंकू होतं. खोबरेलात कालवून टोकांना लावलं आणि फळी टेबलावर कलती केली. टेबलाला डाग नाही.

"बघ," मी शैलाला म्हटलं. "बाईला सांग, जमतं."

शनिवारी आल्गॉयच्या डोंगरात गेलो. देवदारांच्या फांद्या बर्फाने वाकलेल्या, श्वासाचा धूर होणारी थंडी. थॉमस वरून निघाला, पहिलं वळण घेतलं आणि दुसऱ्या वळणाला आडवा झाला. मागे बर्फावर लाल रेघ.

"रक्त!" शैला किंचाळून धावली.

मी गुडघाभर बर्फातून मागे. जवळ जाऊन बोट लावलं, वास घेतला. खोबरेल.

"कुंकू आहे गं. बुटाचं टोक टेकलं म्हणून उडाला."

थॉमस उठून बसला होता. घोटा शाबूत होता.

"बाबा, ठरलं होतं. पडला तर विकायची."

"तो नाही पडला. मी पाडला. टेबल दबत नाही, बर्फ दबतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही." असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नव्हतं. "एकदाच अजून."

तिथेच बसून पेच सैल केले आणि दोन्ही पट्ट्या वळवल्या, पायांची बोटं पुढे येतील अशा. टोकं आता कडेच्या आत बसत होती. मग थॉमसला उभं केलं. तळव्याला बर्फ चिकटला तर कडी नीट बसत नाही, म्हणून गुडघे टेकून त्याचे बूट माझ्या उपरण्याने पुसले. बरोबर आणलेलं खोबरेल गोठलेलं, ते तळहातावर चोळून पुन्हा टोकांना कुंकू लावलं. थॉमस वाकून माझा हात धरायला लागला.

"उभे राहा, जावईबापू. माझं काम होऊ द्या."

जावईबापू वर गेले. निघाले. एक वळण, दुसरं, तिसरं, दाट झाडांपर्यंत. शैलाने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी माणसाकडे बघतच नव्हतो, बर्फाकडे बघत होतो. वरपासून खालपर्यंत पांढरा.

फळी आता तिच्या जागी, भिंतीला आहे. शैलाने विकायचं नाव काढलं नाही.

दोन दिवसांनी मी इचलकरंजीला पोचलो. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. हातावर पाणी घालता घालता थांबली.

"नखात काय लाल?"

"कुंकू."

"कुणाला लावलंत?"

"जावयाच्या पायांना," मी म्हटलं. "कुठे टेकतात ते बघायचं होतं."

तिने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "राहू दे. आज नका धुऊ हात."