डब्याच्या सुट्टीतली गोष्ट

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या एका कारखान्यात विजेची बटणं जोडायचे. लिहायची हौस होती. माझी आई आणि नांदगावची मावशी लग्नातल्या मानपानावरून कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. त्यावर मी कथा लिहिली. एका दिवाळी अंकाकडून ती साभार परत आली, तेव्हा डब्याच्या सुट्टीत बरोबरच्या बायकांना वाचून दाखवली. 'काळजाच्या चिंधड्या', 'दुःखाचा डोंगर' असलं त्यात पुष्कळ होतं. मध्येच एकीनं लोणचं मागितलं, दुसरीला डुलकी लागली.

आमच्यातल्या वयानं मोठ्या आक्का मात्र शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्या घरच्या मळ्यातला झेंडू तोडून मग कामावर यायच्या, शाळा दुसरीपर्यंत. त्या म्हणाल्या, "तिला लय दुख झालं म्हन्तीस. पन ती करायची काय, ते नाय सांगितलं."

मी आठवेल तसं सांगू लागले. आई दर दिवाळीला चिवड्याचे दोन डबे भरायची. दुसरा कुणाचा, हे कुणी विचारायचं नाही. तो फळीवर तसाच राहायचा. चिवडा सादळला की आई तो पुन्हा कढईत परतायची आणि आम्हाला वाढायची, स्वतः मात्र घ्यायची नाही. एका वर्षी तिनं तो डबा पिशवीत घातला, चप्पल पायात सरकवली...

तेवढ्यात भोंगा झाला. दुसऱ्या दिवशी मी हात धुऊन येईपर्यंत सगळ्या बसलेल्या. "स्टँडवर गेली का मग?" डुलकी घेणारीनंच विचारलं.

कथा मी पुन्हा लिहून काढली. डोंगर आणि चिंधड्या गेल्या, डबे राहिले. भोंगा झाला तिथेच पहिला भाग तोडला. पुढच्या वर्षी ती छापून आली. आक्कांनी अंक घरी नेला आणि सुनेकडून वाचून घेतला.

आठवड्यानं त्यांनी सांगितलं, की वाचताना सून दोनदा थांबली, पाणी प्यायली. तिचंही थोरल्या बहिणीशी बोलणं बंद होतं, हे आक्कांना तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सुनेनं एसटीडी बूथवरून विंचूरला बहिणीकडे फोन लावला.

"काय बोलल्या?" मी विचारलं.

"बोलतीय कुठली, निस्ती रडली. पन थोरली आली की रविवारी. दोघी मळ्यात फुलं तोडत बसल्या व्हत्या, मी चहा घेऊन गेले तरी ध्यान नाय."