चढावरचं बोट

दादाने, माझ्या थोरल्या भावाने, बनवलेली आगगाडी आमच्या खोपट भागातल्या घरात अजून भिंतीलगत आहे. प्लायवूडच्या फळीवर गोल रूळ, एका वळणावर चढ, वर पुठ्ठ्याचा पूल. इंजिन तळहातात मावेल एवढं. एसटी डेपोतून आला की हातपाय धुऊन तो आधी गाडी लावायचा, मग चहा. चढावर चाकं जागच्या जागी फिरायची, घर्रर्र आवाज यायचा. दादा शेवटच्या डब्याला बोट लावायचा आणि गाडी वर जायची.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही फिजिक्सची. हे मी कुठेही सांगते, लाजत नाही. मी त्याला म्हणायचे, दे इकडे, चाकांची पकड वाढवून देते. तो हसायचा. "तुझं डोकं परीक्षेला ठेव गं. इथे माझं बोट आहे ना."

दादा गेला. तरी संध्याकाळची वंदना झाली की आई मला गाडी लावायला सांगायची. चढावर घर्रर्र सुरू झालं की स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि म्हणायची, "आला बघ." अगदी साध्या आवाजात, शेजारचं कोणी आल्यासारखं. डब्याला बोट मीच लावायचे, पण तिथे आधीच कुणाचं तरी बोट आहे असं वाटायचं.

भूतबीत आम्ही मानत नाही. म्हणून ठरवलं, हा आवाजच बंद करायचा.

रूळ आणि चाकं स्पिरिटने पुसली, कापसावर काळं निघालं. गाडी सरळ चढली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा घर्रर्र. वजन कमी पडत असेल म्हणून खाडीवरच्या कोळीणमावशींकडून जाळ्याचं शिसं आणलं, ठेचून चपटं केलं आणि इंजिनाच्या पोटात, ओढणाऱ्या चाकांच्या बरोबर वर बसवलं. एक संध्याकाळ निभावली. मग मागच्या दोन चाकांना रबराच्या बारीक कड्या चढवल्या. फक्त मागच्या, कारण रबरातून वीज जात नाही आणि इंजिनाला ती रुळातूनच मिळते. चढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच अडली, आणि आई पदराला हात पुसत बाहेर आली.

त्या दिवशी मी घाबरले. पुस्तकात जे होतं ते सगळं करून झालं होतं.

मग एका शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं होतं. दुपारी घरी आले तर आई फळीसमोर बसलेली, हातात फडकं, बाजूला खोबरेलाची वाटी. रूळ पुसत होती. दादाचे पाने, शिलाई मशीन, कुलपं, घरातल्या सगळ्या लोखंडाला ती तेलाचा हात फिरवते. चाळीत असल्यापासूनची सवय.

"त्याच्या वस्तू गंजू द्यायच्या का?" ती म्हणाली.

मी समजावलं, हे रूळ लोखंडाचे नाहीत, गंजत नाहीत. सपाटीवर तेल लावलं तरी भागतं, चढावर चाक घसरतं. तिने वाटी उचलली. मी सगळं स्वच्छ पुसलं, तेलाने फुगलेल्या कड्या काढून नव्या घातल्या.

संध्याकाळी गाडी न थांबता वर गेली. पुन्हा फिरून आली, पुन्हा गेली. आई वळणाकडे बघत राहिली.

"थांबत नाही आता?"

"नाही."

"मग तो कशाला येईल?" म्हणाली आणि भात बघायला आत गेली.

त्यानंतर तिने गाडीचं नाव काढलं नाही. घर इतकं गप्प झालं की मिक्सर फिरला तरी मी दचकायचे. जिंकले होते मीच, आणि चैन मला पडत नव्हतं.

परवा ती स्वतःच म्हणाली, लाव गाडी. स्टूल ओढून वळणापाशी बसली. इंजिन चढाला लागलं तसं तिने शेवटच्या डब्यावर बोट टेकवलं.

"ढकलावं लागत नाही आता, आई."

"माहीत आहे. नुसतं लावते."

तिच्या बोटाच्या भाराने डबे जड झाले. इंजिनाने ओढून पाहिलं, आणि चाकं घसरली. घर्रर्र.

का घसरली ते मी सांगू शकते. तरी आम्ही दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं.